ताप मोजणारा फोन आणि कपाटातला थर्मामीटर

दसऱ्याचं श्रीखंड-पुरीचं जेवण झालं होतं, जरा आडवं व्हावं अशा विचारात होतो, तेवढ्यात ठाण्याहून पुतण्या सहकुटुंब आला. आपट्याची पानं हातावर ठेवून, पाया पडून झालं आणि मग त्याने खिशातून ‘खरं सोनं’ बाहेर काढलं. गूगलचा नवा पिक्सेल ८ प्रो. तेव्हाची किंमत १,०६,९९९ रुपये. ‘‘म्हणजे पावणेदोन तोळे,’’ असा हिशेब त्याच्या काकूने तिथल्या तिथे करून टाकला.

‘‘काका, तुमचा तो काखेतला थर्मामीटर आता टाका अडगळीत,’’ असं म्हणत त्याने फोनची पाठ माझ्या कपाळाकडे वळवली. एक सेकंद गेला नसेल, पडद्यावर आकडा आला. ३३.८ अंश सेल्सिअस.

या हिशेबाने मी हायपोथर्मियात होतो. पोट मात्र श्रीखंडाने तुडुंब भरलेलं होतं आणि वर पंखा फिरत होता.

नवा फोन आला की कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती तास, हे सांगणारे पुष्कळ असतात. या सदरात फोनवर लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. पण गूगलने ४ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये हा फोन दाखवला तेव्हापासून दवाखान्यात दोन-तीन जणांनी एकच प्रश्न विचारला होता, ‘‘डॉक्टर, त्या फोनने ताप कळतो म्हणे?’’ १२ ऑक्टोबरपासून तो भारतात विकायला आला. पुतण्या दोन दिवस राहणार होता. ‘‘घ्या, वापरून बघा,’’ म्हणून त्याने फोन माझ्याकडे दिला आणि स्वतःचं सिमकार्ड काढून जुन्या फोनमध्ये घातलं. हे दोन दिवसांचे अनुभव आहेत. दोन दिवसांत बॅटरीचं आयुष्य कळत नाही, त्यामुळे त्याबद्दल काही बोलत नाही.

हातात घेतल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती वजन. २१३ ग्रॅम. झोपून, तोंडासमोर धरून वाचायला लागलात तर पंधरा मिनिटांत करंगळी तक्रार करते. फोनचा सगळा भार आपण करंगळीवर तोलतो हे ज्यांच्या लक्षात आलं नसेल त्यांनी आज रात्री बघावं. पाठ मॅट काचेची आहे, तिच्यावर बोटांचे ठसे उमटत नाहीत, पण ती गुळगुळीत आहे. ज्यांच्या हाताला घाम येतो त्यांनी कव्हर घालावं. २०२२ च्या ७ प्रोचा पडदा कडांना वळलेला होता, हा सपाट आहे, आणि मला तो जास्त आवडला. ६.७ इंची पडदा २४०० निट्सपर्यंत उजळतो असं कंपनी सांगते. ऑक्टोबरच्या बाराच्या उन्हात, गच्चीवर, चष्म्याशिवाय मला त्यावरचा मेसेज वाचता आला. साठी ओलांडलेल्या डोळ्यांना ही सोय मोठी आहे. रात्री मात्र हाच पडदा अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर आणू नका.

आता मूळ मुद्दा. पाठीवर आडवी धातूची पट्टी आहे, तिच्यात कॅमेऱ्याची भिंगं एका लंबगोल काचेखाली, शेजारी फ्लॅश आणि फ्लॅशच्या खाली एक छोटी काळी चकती. हीच चकती म्हणजे तापमापक. फोनमध्ये ‘थर्मामीटर’ नावाचं ॲप आहे. ते उघडायचं, वस्तूपासून पाच सेंटिमीटरच्या आत फोन धरायचा आणि बटण दाबायचं.

ही चकती काय मोजते हे समजायला थोडं मागे जावं लागेल. युरेनस शोधणारा विल्यम हर्शेल १८०० साली सूर्यप्रकाश लोलकातून सोडून त्याच्या प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून बघत होता. लाल पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा चढला. न दिसणारा प्रकाश त्याला सापडला होता. आज आपण त्याला अवरक्त किंवा इन्फ्रारेड किरण म्हणतो. गरम सूर्यच नव्हे, तर तुम्ही, मी, भिंत, चहाचा कप, फ्रीजमधली बाटली, सगळेच सतत हे किरण बाहेर टाकत असतात. वस्तू जितकी गरम तितके ते जास्त. माणसाच्या अंगातून निघणाऱ्या किरणांची तरंगलांबी साधारण नऊ-दहा मायक्रोमीटरच्या आसपास सर्वात जोरात असते.

फोनमधला सेन्सर हे किरण झेलतो. त्याच्या आत दोन वेगवेगळ्या धातूंचे किंवा अर्धवाहकांचे असंख्य बारीक सांधे असतात. किरणांनी सांध्याची एक बाजू किंचित तापली की त्यातून अगदी सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. तो मोजून, त्यात सेन्सरचं स्वतःचं तापमान मिळवून, समोरच्या वस्तूचा आकडा काढला जातो. म्हणजे फोनला आधी स्वतःचा ताप नीट कळावा लागतो, मग दुसऱ्याचा. चार्जिंगला लावलेला किंवा उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन किती तापतो हे आपल्याला ठाऊक आहे. अशा तापणाऱ्या डब्यात हा सेन्सर बसवणं ही अभियांत्रिकी सोपी नाही, आणि ज्यांनी ती केली त्यांचं कौतुक करायला हवं.

दसऱ्याची संध्याकाळ मी स्वयंपाकघरात घालवली. ‘ही’ वैतागली, नात मात्र खूश होती. नात चार वर्षांची. फोन आणि स्वयंपाकघर एकत्र म्हणजे तिला जत्राच.

पातेल्यात पाणी उकळलं, गॅस बंद केला. पाण्याच्या पृष्ठभागावर फोन धरला तर आकडा पटण्यासारखा आला. मग तोच फोन पातेल्याच्या बाहेरच्या, घासून लखलखीत केलेल्या बाजूकडे धरला. आकडा आला पंचेचाळीसच्या आसपास. नातीला मी हात लावू दिला नाही, स्वतः लावला आणि झटकन मागे घेतला. पंचेचाळीसला चटका असा बसत नाही. मग तिथेच कागदी चिकटपट्टीचा तुकडा डकवला, दोन मिनिटं थांबलो आणि पट्टीवर फोन धरला. आकडा एकदम पंच्याऐंशीच्या वर.

पातेलं तेच, उष्णता तीच. मग हे काय झालं? फोन खोटं बोलत नव्हता. चकचकीत धातू स्वतःचे अवरक्त किरण फार कमी बाहेर टाकतो आणि समोरच्याचे परावर्तित करतो. चकचकीत पातेल्याच्या पोटात आपला चेहरा दिसतो ना, तसंच अवरक्त किरणांतही ते पातेलं आरशासारखं वागतं. सेन्सरला त्यात बऱ्याच अंशी समोरची भिंत आणि माझंच पोट दिसत होतं. कागद, पाणी, अन्न, लाकूड आणि माणसाची त्वचा मात्र जवळपास सगळे किरण प्रामाणिकपणे बाहेर टाकतात. म्हणूनच ॲपमध्ये समोरची वस्तू कशाची आहे ते निवडण्याची सोय दिली आहे. निवड चुकली की आकडा चुकला. हातात धरून मोजायच्या कुठल्याही इन्फ्रारेड थर्मामीटरची, मग तो दोनशेचा असो की लाखाचा, ही मर्यादा आहे.

काचेची गंमत आणखी वेगळी. साध्या काचेतून हे किरण पार होत नाहीत. काचेच्या पेल्याबाहेरून सरबताचं तापमान घ्यायला गेलात तर ते पेल्याचं असतं, सरबताचं नव्हे. म्हणून तर कॅमेऱ्यांच्या काचेखाली हा सेन्सर न बसवता त्याला वेगळी खिडकी दिली आहे. आणखी एक व्यावहारिक अडचण सांगतो. उकळत्या चहावर पाच सेंटिमीटर अंतरावर फोन धरला की चकतीवर वाफ धरते आणि मग फोन वाफेचंच तापमान सांगतो. शिवाय एक लाख सात हजारांची वस्तू पातेल्यावर अशी धरताना माझा हात थरथरत होता तो वेगळाच. कढईतल्या तेलावर हा प्रयोग कोणी करू नये.

बाळाच्या आंघोळीचं पाणी, बाटलीतलं दूध, फ्रीजचा कप्पा, यासाठी ही सोय चांगली आहे. पण या चकतीकडे बघून कोणाच्याही डोक्यात आधी दूध येत नाही, ताप येतो.

कंपनीने इथे हात राखून ठेवला आहे, आणि ते योग्यच आहे. शरीराचं तापमान मोजण्याच्या सोयीसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, अर्ज केला असल्याचं गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं होतं. २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आणि तिथल्या फोनमध्ये ती सोय चालू झाली. २०२३ मध्ये भारतात जो फोन मिळत होता तो फक्त वस्तूंचं तापमान मोजत होता. आपल्याकडेही डिजिटल थर्मामीटर वैद्यकीय उपकरण म्हणून औषध नियंत्रणाच्या कक्षेत येतो. कोणीही काहीही बनवून त्यावर ‘ताप मोजा’ असं लिहू शकत नाही. ॲप उघडून कपाळाला फोन लावण्यापासून मात्र कोणताही कायदा कोणाला अडवत नाही. माझ्या घरात दोन दिवसांत, मी धरून, सहा जणांनी तो लावला.

वस्तूचं तापमान आणि शरीराचं तापमान यात फरक काय? सेन्सर तर एकच.

फरक असा, की ताप हा त्वचेचा नसतो. मेंदू, हृदय, यकृत जिथे आहेत त्या आतल्या भागाचं तापमान शरीर ३७ अंशांच्या आसपास सांभाळतं. त्वचा ही त्या आतल्या भट्टीची भिंत आहे. भट्टी थंड ठेवायची तर शरीर त्वचेकडे रक्त सोडतं, घाम आणतं. ऊब राखायची तर त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. त्यामुळे कपाळाचं तापमान आतल्यापेक्षा दोन ते चार अंश कमी असणं हे अगदी रोजचं आहे. पंख्याखाली बसलात, उन्हातून आलात, घाम आला, कपाळावर केस होते, ओला रुमाल ठेवला होता, प्रत्येक वेळी आकडा वेगळा. माझे ३३.८ हे माझ्या कपाळाचे होते आणि ते बरोबरच असावेत. ते माझ्या तापाचे नव्हते, इतकंच.

दवाखान्यात वापरायचे चांगले इन्फ्रारेड थर्मामीटर म्हणूनच कपाळाचा आकडा तसाच दाखवत नाहीत. कानशिलाजवळ त्वचेच्या अगदी खालून एक धमनी जाते. तिच्यावरून थर्मामीटर फिरवतात, त्यातला सर्वात मोठा आकडा पकडतात, खोलीचं तापमान हिशेबात घेतात आणि मग आतल्या तापमानाचा अंदाज काढतात. तो अंदाज शेकडो माणसांवर दुसऱ्या थर्मामीटरशी ताडून बघावा लागतो. एफडीएला बघायचा असतो तो हा पडताळा. चकती सगळ्यांना दिसते, हिशेब दिसत नाही.

कोविडच्या काळात दारोदारी आपण सगळ्यांनी ‘बंदुका’ कपाळाला लावून घेतल्या. नंतर नंतर तर कपाळही गेलं आणि मनगट आलं. एका मॉलच्या दारात माझ्या मनगटाचा आकडा ९३ फॅरनहाइट आला होता. सुरक्षारक्षकाने ‘‘जा साहेब, एकदम ठीक,’’ म्हणून आत सोडलं. ९३ ला माणूस एकदम ठीक नसतो. त्या दोन वर्षांत आपल्याला एक सवय लागली. आकडा आला की मोजमाप झालं, असं वाटायची सवय.

तसं पाहिलं तर ‘नॉर्मल’ ९८.६ हा आकडासुद्धा मोठ्या आदराने पण जरा सांभाळूनच घ्यावा असा आहे. जर्मनीत लाइपझिगला कार्ल वुंडरलिश नावाच्या डॉक्टरने सुमारे पंचवीस हजार रुग्णांचा ताप वर्षानुवर्षं मोजून १८६८ साली ३७ अंश, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट, ही सरासरी मांडली. मोजायचं काखेत, आणि थर्मामीटर फूटभर लांब. वीसेक मिनिटं तो काखेत धरून बसायचं. रुग्णाचं आणि डॉक्टरांचं, दोघांचंही कौतुक वाटतं. पुढे १९९२ साली अमेरिकेत १४८ निरोगी माणसांवर नव्या थर्मामीटरने हाच अभ्यास झाला तेव्हा सरासरी ३६.८ आली. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या जुन्या नोंदी तपासल्या. तिथल्या माणसांचं तापमान पिढ्यान् पिढ्या हळूहळू खाली आलं आहे, असं त्यांना दिसलं. सकाळी तापमान कमी, संध्याकाळी जास्त, हे तर प्रत्येकाचं रोजचंच. म्हणून आम्ही डॉक्टर ९९ वर घाबरत नाही, १००.४, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, ही ताप मानायची रेघ.

बुधवारी रात्री साडेदहाला पुतण्या माझ्या खोलीत आला. नात जेवली नव्हती, संध्याकाळपासून जरा मलूलच होती. सूनबाईंनी हात लावून बघितला होता, हातपाय गार होते. ‘‘काका, ताप वगैरे नाही, फोनने तीनदा बघितलं. ३२.५, ३२.६, ३२.५. थोडी थंडी वाजतेय म्हणतेय. दिवसभर पाण्यात खेळली म्हणून असेल. पांघरूण घातलंय.’’

चूक फोनची नव्हती. वस्तूसाठीच आहे हे त्यालाही माहीत होतं आणि दुपारभर मीही त्याला तेच सांगत होतो. पण मध्यरात्र जवळ आलेली, लेकरू कुरकुरतंय, हातात चकाचक उपकरण आणि त्यावर तीनदा तोच दशांशासकट आकडा. विश्वास बसतो. माझाही बसला असता, जर त्याने ‘थंडी वाजतेय’ हे शब्द उच्चारले नसते तर.

ताप चढतो तो असा. जंतूंची चाहूल लागली की मेंदूतलं तापमानाचं केंद्र आपली खूण वर सरकवतं, समजा ३७ वरून ३९ वर. आता ३७ वर असलेलं शरीर स्वतःला ‘थंड’ समजू लागतं. मग ते दोन गोष्टी करतं. त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ नये. आणि स्नायू थडथडवतं, म्हणजे उष्णता तयार व्हावी. तीच हुडहुडी. या अर्ध्या-पाऊण तासात आत ताप झपाट्याने चढत असतो आणि बाहेर हात, पाय, कपाळ गार पडत असतं. बाहेरून मोजणाऱ्या कोणालाही, मग तो आईचा तळहात असो की इन्फ्रारेड सेन्सर, नेमकं उलटं उत्तर मिळण्याची हीच वेळ. मलेरियाला आपल्या भाषेने ‘हिवताप’ हे नाव दिलं, त्यात हे सगळं शरीरशास्त्र आलं आहे. आधी हिव, मग ताप.

मी कपाटातून थर्मामीटर काढला. साधा डिजिटल, टोकाला धातूची टोपी असलेला, मेडिकलच्या दुकानात दोनशे-अडीचशेला मिळतो तसा. काख पुसून कोरडी केली, टोक नीट काखेत बसवलं, हात छातीशी धरून ठेवला. नात रडायला लागली. बीप वाजल्यावरही आणखी दोन मिनिटं तो तसाच ठेवला. काखेत ही सबुरी लागते.

१०१.८.

काखेतला आकडा आतल्यापेक्षा साधारण एक फॅरनहाइटने कमीच असतो. म्हणजे पोरीचा ताप १०२ च्या वर होता आणि अजून चढत होता.

सूनबाईंचा चेहरा उतरला. मी तिला म्हटलं, ‘‘अगं, तुझ्या हाताची चूक नाही.’’ खरंच नसते. आईच्या हाताबद्दल अभ्यास झालेले आहेत आणि त्यांचा निष्कर्ष साधारण असा, की हाताला ‘ताप नाही’ वाटला तर बहुतेक वेळा तो नसतोच. ‘आहे’ वाटला तर मात्र पुष्कळदा हात उगाच घाबरलेला असतो, म्हणून थर्मामीटरने खात्री करावी. हा हुडहुडीचा पाऊण तास त्या नियमाला अपवाद. मूल मलूल आहे आणि कुडकुडतंय, पण अंग गार लागतंय, तर निश्चिंत होऊ नका. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, आणि काखेत मोजा. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ आला तर घरी काही करत न बसता तडक डॉक्टरकडे.

वजनाप्रमाणे पॅरासिटॅमॉल दिलं. ऑक्टोबर हा डेंग्यूचाही महिना असतो, त्यामुळे ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मी देत नाही आणि तुम्हीही आपल्या मनाने देऊ नका. घट्ट पांघरूण काढून पातळ चादर दिली. एकच्या सुमाराला हुडहुडी थांबली, गाल लाल झाले, अंग चटका बसावं इतकं तापलं. आता पुतण्याने फोन लावला. ३७.४ आला. काखेत १०२.६. पहाटे घाम फुटला आणि ताप उतरला. सकाळी रक्त तपासलं; मलेरिया नाही, डेंग्यू नाही, प्लेटलेट व्यवस्थित. साधा व्हायरल.

रात्रभर जागा होतो, तेव्हा फोन आणि आरोग्य या जोडीचा विचार डोक्यात फिरत होता. हा काही पहिला फोन नव्हे. २०१४ साली सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस ५ च्या पाठीवर नाडी मोजणारा सेन्सर आला तेव्हाही असाच गाजावाजा झाला होता. बोट ठेवायचं, ठोके मोजायचे. पुढच्या काही फोनमध्ये ऑक्सिजनही आला. २०२० च्या एस २० पर्यंत तो सेन्सर फोनवरून गेलेला होता. तोवर मनगटावरची घड्याळं तेच काम जास्त सोयीने करायला लागली होती. त्याच वर्षी, कोविडमध्ये, चीनमध्ये ऑनरने इन्फ्रारेड तापमापक असलेला फोन काढला होता. म्हणजे ही कल्पनाही अगदी कोरी नाही. नाडी मोजायला तर वेगळा सेन्सरही लागत नाही, कॅमेऱ्यावर बोट ठेवलं की पुरतं, कारण प्रत्येक ठोक्यागणिक बोटाच्या रक्ताचा लालपणा बदलतो. गूगलने पिक्सेलमध्ये ही सोय २०२१ पासूनच दिली आहे आणि ती मला तापमापकापेक्षा जास्त कामाची वाटते. ठोका थेट दिसतो, ताप आडून ओळखावा लागतो.

अवरक्त तापमापकाच्या बाजूची एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. त्वचेचा रंग त्याला अडवत नाही. गोरी असो वा काळी, अवरक्त किरणांत सगळ्यांची त्वचा जवळजवळ सारखीच. ऑक्सिमीटरचं तसं नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिजन घसरलेला असूनही ऑक्सिमीटरने तो ठीक दाखवण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट होतं. सावळ्या माणसांच्या देशात हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कॅमेऱ्याबद्दल डॉक्टर म्हणून दोन शब्द. माझ्या व्हॉट्सॲपवर रोज पुरळ, जखमा आणि घशाचे फोटो येतात, बहुतेक अंधुक आणि ट्यूबलाइटच्या हिरवट उजेडात काढलेले. या फोनने मी माझ्याच कोपरावरचा जुना चट्टा अगदी जवळून टिपला. कडा, पापुद्रा, रंग, सगळं मला जसं दिसतं तसं आलं. गडद त्वचेचे रंग खरे यावेत यासाठी गूगलने पिक्सेल ६ पासून मेहनत घेतली आहे आणि ती इथे दिसते. पण याच फोनमध्ये अनेक फोटोंमधले हसरे चेहरे निवडून एकाच फोटोत बसवायची सोयही आहे. लग्नाच्या ग्रुप फोटोत कोणाचे डोळे मिटलेले नसावेत यासाठी ती छान. मला पाठवायच्या पुरळाच्या फोटोला मात्र कृपा करून हात लावू नका, आहे तसा पाठवा, दिवसाच्या उजेडात.

कंपनीने सात वर्षं, म्हणजे २०३० पर्यंत, सॉफ्टवेअर पुरवायचं वचन दिलं आहे. फोन इतका टिकवायचा ही चांगली गोष्ट. दवाखान्यातली उपकरणं मात्र आम्ही अधूनमधून पडताळून घेतो, कारण सेन्सर जुने होतात, खिडकीवर ओरखडे पडतात, धूळ बसते. सात वर्षं खिशातल्या किल्ल्या-नाण्यांशी घासलेल्या त्या चकतीचा पडताळा कोण करणार, हा प्रश्न मंजुरी मिळाल्यावरही विचारावा लागतो. ती सोय आपल्याकडे आली तर मी तो पुन्हा मागून घेईन आणि माझ्या दवाखान्यातल्या तापकऱ्यांवर, थर्मामीटर शेजारी ठेवून, बघेन. तोवर ज्यांना चांगला कॅमेरा आणि उजळ पडदा हवा आहे त्यांनी तो खुशाल घ्यावा. तापासाठी म्हणून घेऊ नये.

गुरुवारी सकाळी नातीने अर्धी इडली खाल्ली आणि फोन मागितला. इडली मोजून झाली, चटणी झाली, झोपलेली मांजर झाली. पुतण्या स्टूलवर चढून कपाटातल्या औषधांच्या डब्यातून थर्मामीटर शोधत होता, ठाण्याला नेण्यासाठी. मी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. पोरीने येऊन फोन माझ्या गालाला टेकवला, आकडा वाचता येत नसल्यामुळे आईला वाचायला लावला, आणि मग गंभीरपणे मला सांगितलं, ‘‘आजोबा, तुम्ही चौतीस आहात. इडली जास्त आहे.’’